हात सोडले की सायकल एकीकडे ओढते: घरी बांधलेल्या स्टीलच्या फ्रेमचं नेहमीचं दुखणं

घरी गॅसचा टॉर्च चालवून, पितळेच्या किंवा चांदीच्या सळईनं जोडलेली टुरिंग फ्रेम रस्त्यावर आली की तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "चालते मस्त, पण हात सोडले की डावीकडे जाते." तक्रार सांगणाऱ्यानं निदानही आधीच करून ठेवलेलं असतं: फ्रेम वाकली, आता दाबून सरळ करायची. अशा बऱ्याच फ्रेम माझ्या हाताखालून गेल्या आहेत आणि आल्या आल्या मी सांगतो ते एवढंच, की दोष नेमका कुठे आहे ते कळेपर्यंत फ्रेमला जोर लावायचा नाही. चाकातला दोष फ्रेम वाकवून लपवला की दोष दोन होतात. पुढे चाक बदललं की सायकल पुन्हा ओढायला लागते आणि मग काहीच जुळत नाही.

खालचे तपास फुकटापासून महागापर्यंत ओळीनं लावले आहेत. मधला गाळून पुढे जाऊ नका, कारण पुढच्याचं माप आधीच्यावर उभं आहे.

लक्षणं

- हात सोडले की सायकल दर वेळी एकाच बाजूला जाते. सरळ चालवायला अंग दुसऱ्या बाजूला कलतं ठेवावं लागतं.
- मागचा टायर एका चेनस्टेला (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) चिकटलेला, दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट.
- मडगार्ड कितीही जुळवलं तरी एकीकडे घासतं.
- ओल्या टायरनं कोरड्या फरशीवर सरळ गेलात तर पुढच्या-मागच्या चाकाचे माग एकावर एक न पडता शेजारी शेजारी पडतात.
- मागचा एक्सल वारंवार वाकतो किंवा तुटतो, हबचे कोन (चाकाच्या मध्यातलं बेअरिंग धरणारे शंकूसारखे नट) सैल होत राहतात.
- चेन टोकाच्या गिअरवर कुरकुरते, डिरेलर कितीही जुळवा.

उतारावर वेग घेतल्यावर हँडल थरथरणं हे यातलं लक्षण नाही. ते सामानाचं वजन, बारीक नळ्या आणि सैल हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) यांचं वेगळं प्रकरण आहे. तेव्हा गुडघा टॉप ट्यूबला (वरची आडवी नळी) टेकवा, वेग कमी करा आणि तो विषय वेगळा हाताळा.

यातली कुठली लक्षणं दिसतात आणि कोणत्या बाजूला, ते कागदावर लिहा. डावं-उजवं सायकलवर बसलेल्याच्या नजरेनं. फ्रेम उलटी करून मापताना बाजू हमखास अदलाबदल होतात.

१. रस्ता आणि सामान

पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, म्हणजे उतारही कायम डावीकडेच. "डावीकडे ओढते" म्हणत आलेल्या काही सायकली इथेच बऱ्या होतात. रिकामं पार्किंग किंवा मैदान गाठा, पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) आणि हँडलची पिशवी उतरवा, आणि एकाच पट्ट्यावरून जाऊन परत या. येताना उजवीकडे जात असेल तर दोष जमिनीचा. दोन्ही वेळा एकाच बाजूला जात असेल तर पुढे चला.

२. हेडसेट आणि केबल

पुढचं चाक उचला आणि फ्रेम किंचित कलवा. हँडल आपल्या वजनानं दोन्हीकडे पडायला हवं. मधेच अडकत असेल तर बेअरिंगच्या वाट्यांत खड्डे पडलेत किंवा हेडसेट जास्त आवळलाय. नव्या घरगुती फ्रेममध्ये तिसरंही कारण असतं: उष्णतेनं हेड ट्यूबची (हेडसेट बसतो ती पुढची उभी नळी) तोंडं वाकडी झालेली असतात आणि ती मशीनवर सपाट न करताच वाट्या ठोकलेल्या असतात. मग हेडसेट एका कोनात घट्ट आणि दुसऱ्यात सैल लागतो.

ब्रेक-गिअरच्या केबल सोडूनही हीच चाचणी करा. आखूड कापलेली ताठ आउटर केबल हँडल एकीकडे खेचत राहते. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, तरी बहुतेक जण हे बघत नाहीत.

३. चाक नीट बसलंय का

सायकल जमिनीवर उभी करा, क्विक रिलीज किंवा नट सैल करा, सीटवर वजन टाकून चाक खाचेत पूर्ण बसू द्या, मग आवळा. स्टँडवर टांगून बसवलेलं चाक थोडं तिरकं राहू शकतं. ड्रॉपआउटच्या (एक्सल बसायला खाच असलेली फ्रेमची पट्टी) खाचेत पावडर कोटिंगचा गोळा जमला असेल तर तो कानशीनं काढून धातू उघडा करा.

एवढ्या बारीक गोष्टीनं काय होतंय, असं वाटेल. हिशोब करून बघा. ७०० सी रिमचा टायर बसतो तो व्यास ६२२ मिमी, म्हणजे त्रिज्या ३११. टुरिंग फ्रेमच्या मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर बहुधा १३५ मिमी. एक्सलचं एक टोक दुसऱ्यापेक्षा १ मिमी खाली बसलं, तर रिमपाशी चाक ३११ भागिले १३५, म्हणजे सुमारे २.३ मिमी सरकतं. पुढे हब १०० मिमीचा असल्यानं तिथे हाच आकडा ३.१ होतो. टायरपाशी दिसणारा फरक भीतीदायक असतो, खाचेतला दोष मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी.

४. चाक उलटं करून बघा

सगळ्या तपासांत हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. आधी चाकाचा आऊट काढून घ्या, लडबडणाऱ्या चाकावर माप घेण्यात अर्थ नाही. मग रिमपासून डाव्या आणि उजव्या चेनस्टेपर्यंतची फट मोजा. टायरपासून मोजू नका, तो रिमवर वाकडा बसलेला असू शकतो. आता चाक काढा, फिरवून कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या) डावीकडे येईल असं बसवा, चेन बाजूला लटकू द्या आणि पुन्हा मोजा. डिस्क ब्रेक असेल तर आधी डिस्क उतरवा.

लहान फट बाजू बदलत असेल तर चाकाची डिश चुकली आहे, रिम हबच्या दोन टोकांच्या लॉकनटच्या बरोबर मधे नाही. फ्रेमला हात लावू नका, चाक आरे बांधणाऱ्याकडे द्या. लहान फट त्याच बाजूला राहत असेल तर दोष फ्रेमचा. फरक नुसताच कमी-जास्त होत असेल तर दोन्हीकडे थोडा थोडा आहे. आधी डिश दुरुस्त करून घ्या, मग पुन्हा इथून सुरू करा.

पुढच्या चाकाचंही हेच करा. फोर्कमध्ये, म्हणजे आपल्या चिमट्यात, दोष असेल तर फट दोन्ही वेळा त्याच पात्याकडे लहान राहील.

५. फट दोन जागी मोजा

चाक बरोबर आहे, दोष फ्रेमचा आहे, इतकं कळलं. आता मागच्या त्रिकोणात, म्हणजे सीट ट्यूब, चेनस्टे आणि सीटस्टे (सीटखालून मागच्या चाकाकडे येणाऱ्या नळ्या) यांत, तो कसला आहे ते बघू. रिमच्या दोन्ही बाजूंच्या फटी दोन ठिकाणी मोजा: खाली चेनस्टेच्या पुलापाशी (दोन चेनस्टे जोडणारी आडवी नळी) आणि वर सीटस्टेमधल्या ब्रेकच्या पुलापाशी.

खाली चाक मधोमध पण वर एकीकडे कललेलं असेल, तर ड्रॉपआउटच्या उंचीत फरक आहे. वर मधोमध पण खाली एकीकडे असेल, तर एक ड्रॉपआउट दुसऱ्याच्या पुढे आहे. दोन्हीकडे सारखंच सरकलेलं असेल, तर एक्सल तिरका नाही, मागचा अख्खा त्रिकोण बाजूला गेलाय. फक्त शेवटच्या प्रकारात फ्रेम वाकवायचा प्रश्न येतो. पहिले दोन बहुधा कानशीनं सुटतात.

उंचीच्या फरकात नेमकं काय घासायचं? चाक वर ज्या बाजूच्या सीटस्टेला चिकटलंय, एक्सलचं त्याच बाजूचं टोक खाली आहे. त्या बाजूच्या खाचेचा वरचा काठ गोल कानशीनं अगदी थोडा घासा, चाक बसवा, मोजा, पुन्हा घासा. खाचेत घासलेला पाव मिलीमीटर रिमपाशी अर्ध्याहून जास्त दिसतो, म्हणून कानशीचे चार हात आणि एक माप, असं चालायचं. एकूण १ मिमीच्या पुढे जावं लागत असेल तर थांबा. तो दोष घासण्याएवढा लहान नाही. एक ड्रॉपआउट पुढे असेल आणि खाच आडवी असेल तर प्रश्नच नाही, एक्सल हवा तिथे आवळा.

फोर्कलाही हाच नियम: चाक वर ज्या पात्याकडे कललंय, त्याच पात्याची खाच. पण फोर्कमध्ये घासण्यापलीकडे काही करू नका. का, ते खाली आहे.

६. दोऱ्याची चाचणी

गवंडी वापरतात तसला बारीक नायलॉनचा दोरा घ्या. मागचं चाक काढा. दोऱ्याचं एक टोक डाव्या ड्रॉपआउटला बांधा, दोरा हेड ट्यूबला पुढून वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटला त्याच जागी आणा, ताणून बांधा. आता दोऱ्यापासून सीट ट्यूबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी व्हर्निअरनं मोजा. दोन्ही आकड्यांतला फरक ढोबळमानानं तेवढाच मागचा त्रिकोण बाजूला सरकलेला असतो. १ मिमीच्या आत असेल तर फ्रेम चांगली आहे. २ मिमीपर्यंत चालवता येते, फार मनाला लावून घेऊ नका. त्यापुढे दुरुस्ती.

कधी कधी दोरा म्हणतो सगळं ठीक, ड्रॉपआउटमधलं अंतरही १३५, तरी टायर एका चेनस्टेजवळच. घोळ वाटतो, पण आपण फट स्टेपासून मोजत होतो आणि स्टे स्वतःच बाहेर किंवा आत फुगलेला आहे. चाक खरं तर जागेवर आहे. मडगार्डला आणि टायरला जागा पुरत असेल तर तसंच चालवा. दिसायला खटकतं, चालायला नाही.

दोऱ्याला एक गोष्ट दिसत नाही, हेड ट्यूबचा पीळ. त्यासाठी तपास ८.

७. ड्रॉपआउट समोरासमोर आहेत का

बाजारात यासाठी खास हत्यार मिळतं, पण हार्डवेअरच्या दुकानातला एम १० आट्यांचा गज भागवतो. त्याचे दोन तुकडे कापा, टोकं काटकोनात सपाट करा, आणि प्रत्येक ड्रॉपआउटमध्ये दोन नटांनी एकेक आवळा, टोकं मधे जवळजवळ भिडतील अशी. टोकं एका रेषेत आली तर ड्रॉपआउट समांतर. एक वर आणि एक खाली, किंवा एक पुढे आणि एक मागे असेल, तर एक्सल आवळताना रोज वाकतोय. हबचे कोन सैल होणं आणि एक्सल तुटणं याचं कारण बहुधा इथेच सापडतं. पाच-सहा मिमी जाडीचा स्टीलचा ड्रॉपआउट लांब दांड्यानं हळूहळू वळवता येतो. डिरेलर ज्याला लटकतो तो कान वेगळा तपासा. तो वाकडा असला की चेन कुरकुरते, आणि दोष उगाच बीबी शेलवर (पॅडलचा धुरा बसतो ती आडवी नळी) जातो.

८. सपाट पाटा आणि हेड ट्यूब

आधी डोळ्यानं. सायकलच्या समोर दोन-तीन मीटरवर उभे राहा, एक डोळा मिटा, हेड ट्यूबची कड सीट ट्यूबच्या कडेशी लावून बघा. दोन्ही कडा समांतर दिसायला हव्यात. १५० मिमीच्या हेड ट्यूबमध्ये १ मिमीचा झुकाव असला तर जमिनीपाशी पुढचं चाक सुमारे ५ मिमी बाजूला पडतं. कायम एकीकडे ओढणाऱ्या सायकलीत हा झुकाव बऱ्याचदा निघतो.

मापायचं असेल तर सपाट पृष्ठ लागेल. ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला जाड तुकडा ग्रॅनाइटवाल्याकडे स्वस्तात मिळतो. त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते तपासून घ्या, सगळे तुकडे सपाट नसतात. बीबी शेलचं तोंड पाट्यावर टेकवून सीट ट्यूब आणि हेड ट्यूबची उंची दोन-दोन जागी घ्यायची. पण शेलचं तोंड मशीनवर सपाट केलेलं नसेल तर हे माप फसवं आहे. शेलच्या ६८ मिमी रुंदीच्या टोकावर राहिलेला पितळेचा एक थेंबसुद्धा हेड ट्यूबपाशी काही मिलीमीटर दाखवतो.

मागचा त्रिकोण सरकला असेल तर

स्टील थंडच वाकवता येतं, ॲल्युमिनिअम आणि कार्बनच्या बाबतीत हा विचारही नको. त्यातही साध्या ४१३० क्रोमोली स्टीलच्या किंवा रेनॉल्ड्सच्या जुन्या ५३१ सारख्या नळ्या ऐकतात. रेनॉल्ड्स ८५३ सारख्या उष्णतेनं कडक केलेल्या नळ्या खूप मागे उसळतात आणि कुठे नमतील सांगता येत नाही. तिथे घरी हात घालू नका.

दोन्ही ड्रॉपआउटच्या मधे आट्यांचा गज घालून नट फिरवत फाकवायची पद्धत दिसायला सोपी आहे, पण त्यात आधी वाकतो तो दुबळा स्टे. उजव्या चेनस्टेवर चेनरिंगसाठी खोलगट दाब दिलेला असतो, त्यामुळे दोन्ही सारखे नमत नाहीत. एका वेळी एकच बाजू, लांब लाकडी फळीनं, सीट ट्यूबला कापड गुंडाळून तिचा टेकू घेत. सुरुवातीला दाबाल तेवढं परत येईल. मग अचानक थोडं राहील. दर वेळी दोरा लावून मोजा.

ब्रेकचा पूल आणि चेनस्टेचा पूल जोडून झाले असतील तर एक बाजू दाबताना दुसरीही ओढली जाते आणि पुलाच्या जोडावर ताण येतो. म्हणून पुढच्या फ्रेमला पूल सगळ्यात शेवटी, मापं जुळल्यावर जोडा.

हे पुन्हा का होतं

जिगमधून (जोडताना नळ्या पकडून ठेवणारा साचा) सरळ निघालेली फ्रेम दुसऱ्या दिवशी वाकडी कशी, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. उत्तर ज्वालेच्या क्रमात आहे. जोडाची एक बाजू लालभडक असते तेव्हा तिला पसरायचं असतं, पण शेजारची थंड बाजू पसरू देत नाही. मऊ झालेला धातू जागच्या जागी दबतो. थंड होताना तो मूळ लांबीहून आखूड होतो आणि नळीला आपल्याकडे खेचतो. नळी ज्या बाजूनं जास्त तापली, त्या बाजूला वळते. २२ मिमीच्या चेनस्टेची एक कड फक्त ०.१ मिमी आखडली, तर ४५० मिमी लांब टोकाला ड्रॉपआउट २ मिमी सरकतो. जिग हे रोखत नाही, ताण फक्त आत कोंडून ठेवतो. पकडी सोडल्या की तो बाहेर येतो.

त्यामुळे: नळीचा तिरका काप इतका नीट बसवा की पकड न आवळताही नळी आपल्या जागी उभी राहील. दाबून बसवलेला काप म्हणजे पुढचा वाकडेपणा आधीच भरून ठेवणं. आधी समोरासमोर छोटे टाके, मग माप, मग डावी-उजवी बाजू आलटून पालटून पूर्ण जोड. चेनस्टे जोडताना ड्रॉपआउटमध्ये १३५ मिमीचा खोटा एक्सल कायम आवळलेला. जोड हवेतच थंड होऊ द्या, ओलं फडकं लावू नका. आणि प्रत्येक जोडानंतर मोजा, चारही झाल्यावर नाही. एका जोडाचा १ मिमी पुढच्या जोडाच्या क्रमानं परत आणता येतो, चौघांचा मिळून झालेला ४ मिमी येत नाही.

लग (नळ्यांची टोकं आत बसतात ती बाही) वापरत असाल तर चांदीची सळई वाकडेपणा कमी करते. ५६ टक्के चांदीची सळई ६५० अंशांच्या आसपास वाहते, पितळ ९०० च्या आसपास. पण चांदीला बारीक फट लागते, ढिल्या जोडात ती भरत नाही. खरेदी करताना कॅडमिअम नसलेलीच मागा. कॅडमिअमचा धूर फुप्फुसांचा घात करतो, आणि घरच्या गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये त्याला पुरेशी हवा नसते.

इथे थांबा

- हेड ट्यूबच्या मागे, डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला रंगात सुरकुती किंवा केसासारखी रेघ दिसली. सायकल चालवणं त्याच क्षणी बंद.
- दाबताना "कट्" असा आवाज आला किंवा नळीला खळगा पडला. टुरिंगच्या नळ्यांची भिंत मधल्या भागात ०.६ मिमीच्या आसपासच असते.
- हेड ट्यूबला पीळ आहे. तो काढायला लांब गज, भक्कम पकड आणि कुठे थांबायचं याचा अंदाज लागतो. चुकलं तर सगळ्यात जास्त ताण घेणारा जोडच जातो.
- फोर्कची पाती किंवा क्राउन (पाती वर जिथे जुळतात तो भाग) वाकडा आहे. मागचा स्टे तुटला तर तुम्ही थांबता, फोर्क तुटला तर तोंडावर पडता. वरंधा किंवा ताम्हिणीच्या उतारावर सामानासकट तर नकोच.
- पितळ जोडात पूर्ण उतरलेलं नाही असा संशय आहे. पुन्हा तापवून भागेल असं वाटतं, पण आत जळलेला फ्लक्स (जोडताना लावायची पेस्ट) अडकला असला की नवं पितळ चिकटत नाही, नुसतं वर बसतं.

कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे मात्र नेऊ नका. त्याचा हात गेट आणि ग्रिलवर बसलेला असतो, आणि आर्क वेल्डिंग पातळ नळीला सरळ भोक पाडतं. फ्रेम बांधणारा कारागीर गाठा. तो लांब असेल तर निदान माप तरी पक्कं करून घ्या: भोसरी, सातपूर, शिरोली अशा एमआयडीसीत सरफेस प्लेट आणि हाइट गेज असलेल्या टूलरूम आहेत, बीबी शेलचं तोंड सपाट करून मापं काढून देण्याचं काम तिथे होऊ शकतं.

नेताना चाक, फोर्क आणि फ्रेम तिन्ही न्या. नुसती फ्रेम नेली तर तपास ४ पुन्हा होऊ शकत नाही. मास्किंग टेपच्या पट्ट्यांवर तुमची मापं लिहून जागच्या जागी चिकटवा: दोऱ्याचे दोन आकडे, पुलांपाशी चार फटी, ड्रॉपआउटमधलं अंतर. नळी कुठली आणि सळई कुठली तेही लिहा. पितळेचा जोड चांदीचा समजून तापवला तर काम अर्ध्यावर अडतं, आणि चांदीचा पितळेएवढा तापवला तर बिघडतो.